धरणाचें पाणी

१८७९ सालीं पुऱ्या झालेल्या खडकवासला धरणाचें पाणी पावसाळ्यांत गढूळ होतें. पर्वतीस त्यांत तुरटी वा तिच्या जातीचें द्रव्य घालून तें आधीं जोरानें, मग हळुवार ढवळितात. मातीचे सूक्ष्म कण सारख्याच ऋण विद्युद्भारामुळें एकमेकांस दूर लोटीत असतात. तुरटी तो भार नाहींसा करिते, आणि कणांचे पुंजके संथ हौदांत तळीं बसतात. आमच्या आज्या हंड्यांत तुरटी फिरवीत ती हीच क्रिया! नंतर वाळूचे थर.

पण नितळ पाण्यांतहि विषमज्वराचे जंतु असूं शकतात. म्हणून शेवटीं क्लोरीन, आणि तेंहि घरच्या तोटीपर्यंत दर लिटरास निदान ०.२ मिलिग्राम उरेल इतकें, कारण वाटेंत फुटक्या नळांतून घाण शिरूं शकते. तो वास आम्हांस तरी दिलासा देतो. ज्यांस सोसवत नाहीं त्यांनीं पाणी पातळ वस्त्र झांकून घटकाभर ठेवावें.