गजकर्ण, जंत आणि औषधांची निवड

कांग नदीच्या कांठीं वसलेल्या जामनेरच्या परिसरांत मृगाच्या पावसाबरोबर कपाशीच्या शेतांतलीं कामें सुरू होतात. घामानें आणि पावसानें भिजलेलें वस्त्र दिवसभर अंगावरच राहतें. मग कमरेला अथवा जांघेंत लाल कडेचें वर्तुळ उमटतें. लोक त्याला गजकर्ण म्हणतात. पुष्कळ घरांतून प्रश्न निघतो तो असा कीं, बॅक्टेरियामुळें आलेला ज्वर पेनिसिलिनसारख्या औषधानें थोडक्या दिवसांत उतरतो, मग हें क्षुल्लक वाटणारें वर्तुळ आठवडेच्या आठवडे कां छळतें?

याला कारणें दोन. पहिलें कारण नात्याचें. बॅक्टेरिया हे मनुष्याचे फार दूरचे आप्त होत. त्यांच्या पेशीभोंवतीं जी भिंत असते, ती मनुष्याच्या पेशीस मुळींच नसते. पेनिसिलिन त्या भिंतीच्या बांधणीवरच घाव घालतें. बुरशी आणि जंत यांच्या पेशी मात्र मनुष्याच्या पेशींसारख्याच, केंद्रक असलेल्या. शत्रु घरच्यासारखा दिसूं लागला म्हणजे बाण जपून सोडावा लागतो. म्हणून औषध शोधणाऱ्याला दोघांतील एखादा बारीक भेद आधीं हुडकावा लागतो.

बुरशीच्या बाबतींत तो भेद पेशीच्या पातळ आवरणांत सांपडला. मनुष्याच्या आवरणांत कोलेस्टेरॉल असतें, तर बुरशीच्या आवरणांत त्याच जातीचें पण निराळें एर्गोस्टेरॉल. टर्बिनाफिन हें औषध एर्गोस्टेरॉल तयार होण्याची वाट आरंभीं अडवितें. फ्लुकोनाझोल व इट्राकोनाझोल तीच वाट पुढें अडवितात. तिसऱ्या वर्गांतील औषधें तयार एर्गोस्टेरॉललाच चिकटतात. आवरणाला गळती लागते आणि बुरशी मरते. याच वर्गांतील हॅमायसिन पुण्याजवळ पिंपरी येथें, हिंदुस्थान अँटिबायॉटिक्समध्यें, डॉ. थिरुमलाचार व त्यांचे सहकारी यांनीं शोधून काढलें. १९६१ सालीं त्याची माहिती प्रसिद्ध झाली. ज्या सूक्ष्मजीवापासून तें मिळालें, त्याच्या शास्त्रीय नांवांत पिंपरीचें नांव गुंफलेलें आहे.

जंतांच्या बाबतींत भेद निराळ्या ठिकाणीं आहे. अल्बेंडाझोल जंताच्या पेशींतील ट्युब्युलिन या प्रथिनास धरून बसतें. त्यामुळें जंताला साखर शोषून घेतां येत नाहीं व तो उपासमारीनें मरतो. मनुष्याच्या ट्युब्युलिनला तें फारच कमी चिकटतें. नारूवर मात्र असें मारक औषध कधींच सांपडलें नाहीं. तरी पायऱ्यांच्या विहिरींत उतरणें थांबलें, पाणी गाळून पिण्याची संवय लागली, आणि २००० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें भारत नारूमुक्त झाल्याचें मान्य केलें. शिस्तीनेंही रोग हटतो, याचा हा पुरावा होय.

गजकर्णाच्या बाबतींत नेमकी हीच शिस्त सुटली आहे. वैद्याला विचारल्यावांचून आणलेल्या अनेक मलमांत बुरशीनाशकाबरोबर स्टेरॉइड मिसळलेलें असतें. त्यानें खाज व लाली लवकर निवते आणि रोगी बरें वाटलें म्हणून मलम टाकून देतो. परंतु स्टेरॉइड शरीराचा प्रतिकारच दडपीत असल्यामुळें बुरशीला पसरण्यास मोकळें रान मिळतें. भारतांत टर्बिनाफिनला न जुमानणारी बुरशी फैलावली असून, २०२० सालीं तिला ट्रायकोफायटन इंडोटिनी असें नांव मिळालें. टर्बिनाफिन ज्या विकरावर बसतें, त्याची घडणच तिच्यांत बदललेली आढळते. कुलूप बदललें, तेथें जुनी किल्ली काय करणार?

दुसरें कारण जागेचें. ही बुरशी कातडीच्या वरच्या मृत थरांत राहते. तो थर झडून नवा येण्यास सुमारें ४ आठवडे लागतात; नखाला तर कित्येक महिने. म्हणून वर्तुळ दिसेनासें झाल्यावरही डॉक्टरांनीं ठरविलेली मुदत पुरी करणें अवश्य आहे. घरांत ज्यांना ज्यांना खाज असेल, त्या सर्वांवर एकाच वेळीं उपचार व्हावेत, प्रत्येकाचा पंचा वेगळा असावा आणि कपडे पुरते वाळवूनच अंगांत घालावेत. खानदेशचें ऊन एरवीं नकोसें होतें. पण दोरीवरच्या कपड्यांना तें जितकें लागेल तितकें बरें.