अकरावीचा फॉर्म आणि गणित

दहावीचा निकाल लागला की आपल्या बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांपेक्षा मुलींच्या अकरावीचीच चर्चा जास्त रंगते. "गणित नको म्हणते, सोडू दे का?" हा प्रश्न तर ठरलेलाच. आज त्याबद्दल बोलूया.

दहावीपर्यंत गणित सगळ्यांनाच असतं. अकरावीला ते घ्यायचं की सोडायचं, हे आपण ठरवतो. म्हणून मुलीला पुढं काय शिकायचंय, हे आधी विचारा.

इंजिनिअरिंगला जायचं असेल तर गणित सोडू नका. राज्याच्या सीईटीत २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे असतात. आपल्या गावातल्या डीकेटीईत टेक्स्टाईलची पदवी घ्यायची, तरी वाट हीच. नर्सिंगच्या पदवीला आणि डॉक्टरकीला जीवशास्त्र लागतं. बी.फार्मसी आणि शेतीच्या पदवीला गणित किंवा जीवशास्त्र, कोणतंही एक चालतं. मुलीचं अजून ठरत नसेल, तर सायन्सला दोन्ही विषय घेता येतात. अभ्यास वाढतो, पण दोन्ही दारं उघडी राहतात.

कॉमर्सला गणिताऐवजी चिटणीसाची कार्यपद्धती हा विषय घेता येतो, आणि तो घेऊनही बी.कॉम. होतं. पण सी.ए. व्हायचं स्वप्न असेल, तर पहिल्याच फाउंडेशन परीक्षेत गणित, सांख्यिकी आणि तर्क यांचा १०० गुणांचा पेपर आहे.

आर्ट्सला गेलं की गणित सुटलं, असं आपण समजतो. मराठी, इतिहास घेतला तर ते खरं. अर्थशास्त्र किंवा मानसशास्त्र घेतलं, तर सरासरी, टक्केवारी, आलेख पुन्हा समोर येतात. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेतही अंकगणित असतंच.

आता मनातलं बोलते. पुष्कळ घरांत मुलाला गणिताची शिकवणी लावतात आणि मुलीला म्हणतात, "तुला कशाला? सोपा विषय घे." मग पोरीला गणित जमत नाही, असं आपणच ठरवून टाकतो. अहो, पाच हजारांच्या कर्जावर महिन्याला दोन टक्क्यांनी शंभर रुपये व्याज होतं, हे आपल्या गटातली चौथी शिकलेली मावशी तोंडी सांगते. मागावरच्या बायकांना पिकावरची मजुरी मोजायला कागद लागत नाही. त्यांच्या लेकींना गणित जमणार नाही, असं कसं म्हणायचं?

मुलीला खरोखरच आवड नसेल, तर जबरदस्ती करू नका. पण केवळ भीती असेल, तर आधी भीती घालवा. फॉर्मवर सही करण्यापूर्वी तिच्यासोबत कॉलेजात जा, हव्या त्या पदवीला बारावीचे कोणते विषय लागतात ते विचारा आणि वहीत लिहून घ्या. नियम बदलतात, म्हणून शेजारणीच्या मुलीचं ऐकून ठरवू नका. मग सही करा.