फराहबाग : दुष्काळी मुलखातला जलमहाल

अहिल्यानगरहून सोलापूर रस्त्याने निघाले, की शहराच्या आग्नेयेला लष्करी हद्दीत रणगाडा संग्रहालय लागते. १९९४ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात शाळांच्या सहली सतत येत असतात. त्याच भागात निजामशाहीचा फराहबाग उभा आहे, आणि त्याच्याकडे मात्र फार थोडी पावले वळतात. नगरकर त्याला फरियाबाग किंवा फराहबक्ष महालही म्हणतात.

निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने १४९० च्या दशकात हे शहर वसवले ते पर्जन्यछायेच्या पट्ट्यात. आजही इथे वर्षाकाठी सहाशे मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो. अशा जागी निजामशहांनी बागा तर फुलवल्याच, शिवाय महाल चक्क तलावांच्या मधोमध बांधले. १५०६ च्या सुमाराची हश्त बिहिश्त बाग त्यांतली आधीची, फराहबाग नंतरची आणि कितीतरी भव्य.

एवढे पाणी आणले कुठून? नगरचे खरे आश्चर्य जमिनीखाली आहे. कापूरवाडी, वडगाव, भिंगार अशा भोवतालच्या गावांच्या शिवारातून भुयारी नहरी शहराकडे आणल्या होत्या. उंचावरच्या विहिरींत साठणारे पाणी खापरी नळांतून निव्वळ उताराच्या जोरावर मैलोन्‌मैल वाहत येई. ना मोट, ना रहाट. जमिनीखालून वाहत असल्यामुळे ते उन्हाने आटत नसे. उताराचा अंदाज थोडा जरी चुकला, तरी सगळी मेहनत वाया गेली असती. ज्या कारागिरांनी तो अचूक साधला, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, याची खंत वाटते.

फराहबागेचे काम १५८३ मध्ये मुर्तजा निजामशहाच्या काळात, त्याचा कर्तबगार वजीर सलाबतखान याच्या देखरेखीखाली पुरे झाले. तलाव आता कोरडा आहे, पण त्याच्या मधोमध उभी असलेली ही दुमजली वास्तू अजून थक्क करते. कोपरे छाटून अष्टकोनी केलेला आराखडा, चारही बाजूंना उंचच उंच कमानी आणि मध्ये दोन मजले व्यापणारा घुमटाखालचा दिवाणखाना. भिंती दगड-चुन्याच्या आणि भरपूर जाड, त्यामुळे उन्हाची झळ आत पोचायला वेळ लागतो. चारी दिशांच्या कमानी उघड्या, भोवती तेव्हा पाणी. म्हणजे पाण्यावरून येणारा वारा मधल्या दालनात शिरतच असणार. कडक उन्हाळ्यात इथे येणाऱ्याने आधी त्या दालनात थोडा वेळ थांबावे आणि मग वर पाहावे. गिलाव्यातले नक्षीकाम जागोजागी निखळले आहे. जे उरले आहे, त्यावरून मूळ श्रीमंतीची कल्पना येते.

शहाजहानला ताजमहाल सुचला तो हा महाल पाहून, असे नगरमध्ये अभिमानाने सांगतात. दख्खनच्या मोहिमांवर तो आला होता हे खरे. पण मधले दालन आणि भोवती आठ दालने ही रचना इराणी परंपरेतून आलेली. दिल्लीची हुमायूनची कबर त्याच विचारावर फराहबागेच्याही आधी उभी राहिली होती. फराहबागेला ताजचे टेकू नकोत. तलावाच्या मधोमध, इतक्या कोरड्या प्रदेशात ती रचना उभारणे हेच तिचे मोठेपण आहे.

मुर्तजा शहा पुढे दरबारापासून दूर, एकांतात राहू लागला. या बागेत येऊन तो दिल्लीच्या एका गवयाशी बुद्धिबळ खेळत बसे. त्या गवयाला त्याने फतेहशाह असे नाव दिले होते आणि त्याच्यासाठी बागेत लकडमहाल नावाचा वेगळा महालही बांधला होता. राज्याचा गाडा तोवर सलाबतखान ओढत होता. १५८८ मध्ये मुर्तजाचा त्याच्याच मुलाने, मिरान हुसेनने, जीव घेतला. त्यानंतर थोड्याच काळात सलाबतखानही वारला.

फराहबाग पाहिल्यावर पाथर्डी रस्त्यावरच्या शहाडोंगरावर जरूर जावे. तिथली तीन मजली अष्टकोनी इमारत लोक चांदबिबीचा महाल म्हणून ओळखतात. प्रत्यक्षात ती या सलाबतखानाची कबर आहे.