गणपती-उपासनेतला योगमार्ग

महाराष्ट्रात गणपतीची ओळख सण म्हणून आधी होते आणि उपासना म्हणून नंतर. आरती, मोदक, दूर्वा, मिरवणूक या सगळ्यांतून लहानपणीच तो आपला होतो. पण गणपतीलाच परब्रह्म मानणाऱ्या गाणपत्य संप्रदायाने या देवतेभोवती योगाची एक पूर्ण वाट आखली आहे. तिच्या खुणा आपल्या रोजच्या पूजेत जागोजागी आहेत. आपण त्यांच्यावरून सहज पुढे निघून जातो, म्हणून त्या इथे क्रमाने पाहू.

पतंजलींनी सांगितलेली विघ्नं

घराचं काम अडलं, परीक्षा आली, लग्न ठरेना की आपण विघ्नहर्त्याला हाक मारतो. त्यात काही गैर नाही. योगशास्त्र मात्र साधकाच्या आत उभ्या राहणाऱ्या अडथळ्यांची गणना करतं. पतंजलींच्या योगसूत्रांत, पहिल्याच पादात, असे नऊ अंतराय सांगितले आहेत : व्याधी, मनाचं जडत्व, संशय, बेफिकिरी, आळस, विषयांची ओढ, भ्रम, साधनेत पायरी न गाठता येणं आणि गाठलेली पायरी न टिकणं. साधनेला बसलेल्या कोणालाही ही यादी ओळखीची वाटेल. शेवटची दोन तर विशेषच.

यावर पतंजली जो उपाय सांगतात, त्याने भक्ती आणि योग एकत्र येतात. ईश्वराला शरण जावं, ओंकार हे त्याचं नाव, त्याचा जप करावा आणि अर्थाचं चिंतन करावं. त्याने चित्त आत वळतं आणि अंतराय दूर होतात. गाणपत्यांनी हे सारं एका देवतेत पाहिलं. त्यांचा ईश्वर ओंकारस्वरूप आहे आणि विघ्नं दूर करणं हे त्याचं कामच आहे. ज्ञानेश्वरीचं मंगलाचरण आठवा. अकार हे चरण, उकार हे विशाल उदर आणि मकार हे मस्तक, असं गणेशरूप ज्ञानेश्वरांनी 1290 मध्ये मांडलं. ज्ञानेश्वर नाथपरंपरेतले योगी होते, त्यामुळे त्यांच्या ग्रंथारंभी येणारा हा गणेश मला नुसता मंगलाचरणाचा रिवाज वाटत नाही.

मूलाधारातला गणपती

गणपती नित्य मूलाधारात असतो, असं अथर्वशीर्ष स्पष्ट सांगतं. मूलाधार हे पाठीच्या कण्याच्या तळाशी मानलेलं चक्र. त्याला चार पाकळ्या, तत्त्व पृथ्वी. हठयोग आणि तंत्राच्या परंपरेत कुंडलिनी इथेच निजलेली असते, आणि पुढचा सगळा चढ इथूनच सुरू होतो. सहाव्या-सातव्या चक्राच्या अनुभवांच्या गोष्टी ऐकून भारावलेल्या साधकाला ही उपासना पायाशी आणून बसवते. आधी बैठक स्थिर हवी, देह स्थिर हवा. कार्यारंभी गणेशपूजन करतो, त्याचं योगातलं रूप हेच आहे.

सगळ्या तंत्रग्रंथांत मात्र मूलाधाराची देवता गणपतीच असते असं नाही. पूर्णानंदांच्या षट्चक्रनिरूपणात तिथे ब्रह्मदेव आहे. गणपतीची योजना अजपाजपाच्या विधीत फार सुंदर दिसते. माणूस दिवसरात्रीत 21,600 श्वास घेतो, अशी परंपरेची मोजणी आहे. म्हणजे मिनिटाला 15. प्रत्येक श्वास हा आपोआप चाललेला जप समजून सकाळी त्या श्वासांचं समर्पण करायचं : मूलाधारातल्या गणपतीला 600, त्यावरच्या तीन चक्रांतल्या ब्रह्मा, विष्णू आणि रुद्र यांना प्रत्येकी 6,000, आणि त्यापुढे जीवात्मा, परमात्मा व गुरू यांना प्रत्येकी 1,000. गणपतीचा वाटा सर्वांत लहान, पण पहिला. चाळीस मिनिटांचे श्वास. माझ्या मते रोजची बैठक किती वेळाची असावी, याचं हे फार चांगलं माप आहे.

तमिळ प्रदेशातही हा धागा घट्ट आहे. अव्वैयार यांच्या नावावर असलेल्या ‘विनायगर अगवल’ या स्तोत्रात विनायक स्वतः गुरू होऊन कुंडलिनीचा मार्ग उलगडतो. मुत्तुस्वामी दीक्षितारांच्या ‘वातापि गणपतिं’ या हंसध्वनी रागातल्या प्रसिद्ध कृतीतही त्याचं स्थान मूलाधारच आहे.

आठ असुर

मुद्गलपुराण हा गाणपत्यांचा मोठा ग्रंथ. त्यात गणेशाचे आठ अवतार आणि त्यांच्यासमोर आठ असुर येतात. वक्रतुंडासमोर मत्सर, एकदंतासमोर मद, महोदरासमोर मोह, गजाननासमोर लोभ, लंबोदरासमोर क्रोध, विकटासमोर काम, विघ्नराजासमोर ममता आणि धूम्रवर्णासमोर अहंकार.

नावं वाचूनच कळतं की हे युद्ध कुठल्या रणांगणावर चाललं आहे. पण कथांमधल्या दोन गोष्टी जास्त विचार करायला लावतात. एक म्हणजे हे असुर बाहेरून येत नाहीत, बहुतेक देवांपासूनच जन्मतात. लोभासुर कुबेरापासून होतो, अहंकारासुर सूर्यापासून. जिथे वैभव आहे, तेज आहे, तिथेच विकार मूळ धरतो. साधनेत थोडी प्रगती झाली की मद डोकावतो, हा अनुभव पुराणकारांना नक्कीच ठाऊक असणार.

दुसरी गोष्ट अशी की बहुतेक असुर मारले जात नाहीत, शरण येतात. गणेश त्यांना अभय देतो आणि मर्यादा घालून देतो. विकार चिरडून टाकायचा हट्ट इथे नाही. विकाराने आपली जागा ओळखून मागे हटायचं आहे. क्रोध दाबत राहिलेल्या माणसाला विचारा, त्याला यातला फरक लगेच कळेल.

अहंकार शेवटी येतो हेही योग्यच. बाकीचे सात शमल्यावरसुद्धा ‘मी ते शमवले’ असं म्हणणारा उरतोच. या आठ चरित्रांनंतर पुराणाचा नववा खंड येतो, तो योगाचा.

चित्त आणि थेऊरचा चिंतामणी

योगभाष्यात चित्ताच्या पाच अवस्था येतात : क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र आणि निरुद्ध. गाणपत्य तत्त्वज्ञानात ही पंचविध चित्तवृत्ती म्हणजे बुद्धी, आणि त्या वृत्तींच्या मागे धावायला लावणारी मोहक फळं म्हणजे सिद्धी. गणपतीच्या दोन बाजूंना चवऱ्या ढाळणाऱ्या या दोघींचा स्वामी तो आहे, त्यांच्या अधीन नाही. पाचही अवस्थांना प्रकाश देणारा तो चिंतामणी.

अष्टविनायकांपैकी थेऊरच्या देवाचं हेच नाव आहे. कपिल मुनींचं रत्न गणासुराने पळवलं आणि गणेशाने ते परत मिळवलं, ही तिथली कथा; चंचल झालेलं ब्रह्मदेवाचं चित्त इथे स्थिर झालं, अशीही आख्यायिका आहे. मोरया गोसावींनी याच ठिकाणी तपश्चर्या केली, असं परंपरा सांगते. पुढे त्यांनी चिंचवडला समाधी घेतली. तिथून भाद्रपदात आणि माघात मोरगावला पालखी जाते.

गणेशगीता

गणेशपुराणाच्या क्रीडाखंडात 11 अध्यायांची आणि चारशेहून अधिक श्लोकांची गणेशगीता आहे. भगवद्गीतेचं वळण तिच्यात उघड दिसतं, अनेक श्लोक थोड्या फरकाने तेच आहेत. श्रोता मात्र निराळा आहे. हत्तीचं तोंड पाहून ज्या राजा वरेण्याने जन्मलेलं मूल रानात टाकून दिलं, त्याच वरेण्याला सिंदूरासुराच्या वधानंतर गजानन योग सांगतो. अर्जुनाला मोह झाला होता; वरेण्याला पश्चात्ताप झाला आहे. हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो, कारण उपदेशाआधी गजानन त्याच्याकडून कुठलाही हिशेब मागत नाही.

योग म्हणजे काय नव्हे, हे तो आरंभीच सांगतो : संपत्तीशी, विषयांशी, आप्तांशी किंवा अष्टसिद्धींशी जोडलं जाणं म्हणजे योग नव्हे. शिव, विष्णू, शक्ती, सूर्य आणि मी यांत भेद न पाहणारी बुद्धी हाच खरा योग. आपल्याच उपास्याला सर्वोच्च मानणाऱ्या संप्रदायाच्या ग्रंथात हे वाक्य यावं, याचं मोल मोठं आहे.

रोजच्या उपासनेत

पुण्यात ऋषिपंचमीच्या पहाटे दगडूशेठ गणपतीसमोर हजारो स्त्रिया एकत्र अथर्वशीर्ष म्हणतात. तो सामूहिक स्वर अंगावर रोमांच आणतो. घरी मात्र बहुतेक वेळा आवर्तनांची संख्या गाठायची घाई असते. अथर्वशीर्षातच ‘गं’ या बीजाची फोड दिली आहे : आधी गकार, मध्ये अकार, मग अनुस्वार, आणि त्यापुढे बिंदू. म्हणजे ओठ मिटल्यावरही नाद लांबतो, विरतो आणि त्या विरण्याकडे लक्ष जातं. घाईत नेमकं तेच सुटतं. 21 आवर्तनं पळवण्यापेक्षा एकच सावकाश, अर्थाकडे लक्ष ठेवून म्हणावं आणि नंतर काही वेळ डोळे मिटून श्वासाबरोबर बीजमंत्र चालू द्यावा, असं मी आग्रहाने सांगेन.

फलश्रुतीत विद्या, धन, यश यांची आश्वासनं आहेत. त्यांसाठी म्हणणाऱ्याला कमी लेखू नये. कुंडलिनी जागवण्याच्या तीव्र क्रिया, लांबलेले कुंभक किंवा बंध मात्र पुस्तक वाचून किंवा व्हिडिओ पाहून करू नयेत. त्या जाणत्या गुरूसमोरच शिकाव्यात. संकष्टीला दिवसभर उपास करून चंद्रोदयाची वाट पाहणाऱ्यांनी त्या दिवशी आठांपैकी एक असुर निवडावा आणि दिवसभरात तो आपल्यात कुठे कुठे उठतो, एवढंच पाहावं. सुरुवात मत्सरापासून करावी, मुद्गलपुराणाचा क्रमही तोच आहे.