हवेतली तलवार आणि आठ चित्रं

हिरवंगार बांबूचं बन. दाटीतून झिरपणारा उजेड. एक तरुणी तलवार उपसून धावत येते, झेप घेते आणि थेट बांबूंच्या शेंड्यांजवळ पोचते! तिथून डोकं खाली, तलवार पुढे असा सूर मारते, आणि खालचा शत्रू वर बघेपर्यंत ती त्याच्यासमोर हजर!

‘अ टच ऑफ झेन’ या १९७१ सालच्या सिनेमातला हा प्रसंग. दिग्दर्शक होते किंग हू. त्यांचा जन्म बीजिंगचा, पण हा सिनेमा त्यांनी तैवानमध्ये केला. तलवारबाज वीरांच्या अशा चिनी सिनेमांना ‘वूश्या’ म्हणतात. या गोष्टींतले वीर वर्षानुवर्षं सराव करून शरीर इतकं हलकं करतात, की छपरांवरून सहज पळत जातात. गोष्टीत ठीक आहे हो, पण सिनेमात तर खरीखुरी, हाडामांसाची माणसं होती. आणि तेव्हा कॉम्प्युटरवर चित्रं बदलायची सोयही नव्हती. मग ती उडाली कशी?

आधी आपलीच उडी मोजू या. जागच्या जागी ४० सेंटिमीटर उंच उडी मारलीत, तर तुम्ही जेमतेम अर्धा सेकंद हवेत असता. बरं, तीन सेकंद हवेत राहायचं असेल तर? तर ११ मीटर उंच उडावं लागेल, म्हणजे जवळजवळ तीन मजली इमारतीएवढं! हवेतला वेळ दुप्पट हवा असेल तर उंची चौपट लागते, आणि हा नियम पृथ्वी कोणासाठीही बदलत नाही. ऑलिंपिकच्या खेळाडूसाठी नाही आणि सिनेमाच्या नायिकेसाठीही नाही.

किंग हू यांनी यावर दोन उपाय केले. पहिला अगदी सरळ. कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा जागी ट्रॅम्पोलिन ठेवायचं. ताणलेल्या कापडावर उडी पडली की कापड खाली जातं आणि तीच शक्ती परत करून माणसाला वर फेकतं. पण त्यावरून उडणाऱ्याला हवेत तोल सांभाळता यायला हवा, हातातली तलवार नीट धरता यायला हवी. त्यासाठी त्यांच्याजवळ हान यिंगचिए होते. चिनी नाट्यपरंपरेतल्या ‘पेकिंग ऑपेरा’त तयार झालेला हा कलावंत किंग हू यांच्या मारामाऱ्या बसवायचा. त्या ऑपेरात कोलांट्या, उड्या, तलवारीचे हात, सगळं ढोल आणि झांजांच्या ठेक्यावर चालतं. किंग हू यांच्या सिनेमातली लढाईसुद्धा तशीच तालात चालते. बराच वेळ कोणी हलत नाही, नुसत्या नजरा भिडलेल्या असतात. मग एकदम खणखणाट, आणि पुन्हा सगळं स्तब्ध!

त्यांना लढाई म्हणजे नाचच वाटायची. म्हणून १९६६ च्या ‘कम ड्रिंक विथ मी’साठी त्यांनी चंग पेपे या मुलीला नायिका केलं. वय एकोणीस-वीस, आणि लहानपणी शिकलेली काय, तर बॅले नृत्य! खाणावळीत ती पुरुषी वेशात एकटी शांत बसलेली आहे आणि चहूबाजूंनी गुंड जमताहेत, तो प्रसंग संधी मिळाली तर नक्की बघा. तिच्या गिरकीत नाचाची शिस्त स्पष्ट दिसते.

आता दुसरा उपाय. मला तर हाच सगळ्यात जबरदस्त वाटतो, कारण तो घडतो आपल्या डोक्यात. सिनेमात दर सेकंदाला २४ स्थिर चित्रं दाखवतात. किंग हू एकाच झेपेचे तुकडे करायचे: पाय जमिनीवरून सुटले, अंग हवेत चमकून गेलं, पाय टेकले. मधला तुकडा कधी कधी फक्त आठ चित्रांचा, म्हणजे सेकंदाचा तिसरा भाग! तेवढ्यात काहीतरी गेलं एवढंच कळतं, आणि तेही कधी बांबूंच्या आड, कधी चौकटीबाहेर. मग आपला मेंदू काय करतो? तो तिन्ही तुकडे जोडतो आणि मधली न दिसलेली झेप स्वतःच तयार करतो, तीही खऱ्यापेक्षा कितीतरी उंच! बांबूच्या बनातली सुमारे दहा मिनिटांची ती लढाई टिपायला २५ दिवस लागले. १९७५ साली फ्रान्सच्या कान महोत्सवात ‘अ टच ऑफ झेन’ला तंत्रज्ञानाचं मोठं बक्षीस मिळालं.

पुढे २००० साली आंग ली यांनी ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’मध्ये पुन्हा बांबूच्या बनातच लढाई रचली. या वेळी कलाकारांच्या अंगाला पट्टे बांधले होते आणि पट्ट्यांना तारा. शेंड्यांच्याही वर क्रेन उभ्या होत्या, आणि वाकणाऱ्या बांबूंवर कलाकार तरंगत होते. नंतर कॉम्प्युटरवर तारांच्या जागी आजूबाजूचा हिरवा रंग भरून त्या पुसून टाकल्या. यातल्या दुष्ट बाईचं काम कोणी केलं माहितीये? त्याच चंग पेपेंनी! सिनेमा देखणा आहे, त्याला चार ऑस्कर मिळाली. तरी माझं मन जुन्या आठ चित्रांकडेच ओढ घेतं, कारण तिथे उडवण्याचं निम्मं काम मी स्वतः करत असतो.

तुम्हीही करून बघा. घरच्या मोठ्यांचा मोबाइल घ्या, वर्तमानपत्राची गुंडाळी करून तलवार बनवा आणि मऊ मातीच्या अंगणात जा. पहिला तुकडा: मित्र धावत येऊन उडी मारतो आणि चौकटीच्या वर निघून जातो. दुसरा: कॅमेरा जमिनीलगत ठेवून फक्त आकाश, आणि त्यातून उडी मारताना जाणारा तोच मित्र. तिसरा: न दिसणाऱ्या बुटक्या स्टुलावरून तो गुडघे वाकवून खाली येतो. मोबाइल सहसा सेकंदाला ३० चित्रं घेतो, म्हणून मधला तुकडा दहा चित्रांचा ठेवा. आता शूटिंग न पाहिलेल्या कोणालातरी दाखवून विचारा, उडी किती उंच होती? मग मधला तुकडा सहा चित्रांचा करा, नंतर वीसचा, आणि दर वेळी नव्या माणसाला तोच प्रश्न विचारून उत्तरं वहीत लिहून ठेवा.