फिशफाइंडरवरचा प्रत्येक खांब मासळीचा नसतो



फिशफाइंडरवर तळापासून वर उभा खांब दिसला, जाळं मारलं आणि हाती काहीच लागलं नाही, तर एक कारण गॅस असू शकतं.

नद्या गाळाबरोबर पालापाचोळा समुद्रात आणतात. तो चिखलाखाली हवेविना कुजतो आणि मिथेन गॅस तयार होतो. काही ठिकाणी गॅस खोल खडकातल्या तेलसाठ्यातून झिरपतो. दोना पावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांना आपल्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या गाळातही असा गॅस आढळला आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाला कोल ऑइल पॉइंटजवळ तर बुडबुडे पाण्यावर येताना दिसतात. तिथे १९८२ मध्ये गॅस पकडायला समुद्रतळावर पोलादी तंबू बसवले.

फिशफाइंडरचा आवाज माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवर आपटून परत येतो. बुडबुड्यांवरूनही तसाच येतो. म्हणून फसगत होते. ओळखायचं कसं? मासळीचा थवा सरकतो, गॅसचा खांब तळाला धरून पुन्हा त्याच जागी दिसतो.

अशा जागी तळाला चुनखडीचे टणक थर तयार झालेले असू शकतात, जाळं फाटतं. जीपीएस पॉइंट लिहून ठेवा, सोसायटीत सांगा, दुसऱ्याचंही जाळं वाचेल.

पाण्यावर तेलाचा तवंग किंवा तेलाचा वास असेल तर बोट लांब घ्या, विडी-स्टोव्ह पेटवू नका आणि तटरक्षक दलाला १५५४ वर कळवा.