येणारा मुसाफिरही दमलेला असतो

मराठी माणूस घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. निघतानाच परतण्याचा शब्द देऊन ठेवायची ही रीत. विमानतळाचा हिशेब मात्र उलटा आहे. तिथे जाणाऱ्यासाठी मऊ खुर्च्या, गरम जेवण आणि वर्तमानपत्रं. येणाऱ्यासाठी सामानाचा फिरता पट्टा आणि बाहेरचा रस्ता.

मंडळी, मी बोलतोय ते ‘लाऊंज’बद्दल. विमानतळावरची ही विश्रांतीची जागा एके काळी फक्त बड्या लोकांची होती. अमेरिकेतल्या एका विमान कंपनीने न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर १९३९ साली असा क्लब काढला, तेव्हा आत कोणाला घ्यायचं हे कंपनीच ठरवत असे. १९९२ मध्ये ‘प्रायॉरिटी पास’ आला. वर्गणी भरा आणि कुठल्याही कंपनीच्या विमानाने जा, लाऊंज उघडं. पुढे बँकांनी हीच सवलत आपल्या कार्डांना जोडली. त्यामुळे आमच्या अंबरनाथ पूर्वेतून आखातात नोकरीला गेलेल्या फिटर-वेल्डर मुलाच्या पाकिटातही आज असं कार्ड असू शकतं.

त्याचा प्रश्न साधा असतो. आखातातली बरीच विमानं मुंबईत मध्यरात्रीनंतर उतरतात. साधारण एक ते चार या वेळात लोकल नसते. टॅक्सीने अंबरनाथ गाठायचं तर खिसा हलका होतो. सोबत उमरा करून परतणारी, पाय सुजलेली म्हातारी आई असेल तर पंचाईत आणखी वाढते. मग कार्ड आहे, तर पहिल्या लोकलपर्यंत लाऊंजमध्ये का बसू नये?

आपल्या देशात उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असं येतं. पहिलं कारण इमारतीच्या रचनेतच आहे. आपल्याकडे जाणारे आणि येणारे प्रवासी एकमेकांत मिसळू दिले जात नाहीत. मुंबईच्या टर्मिनल दोनवर जाणाऱ्यांची वाट वरच्या मजल्यांवरून, येणाऱ्यांची खालून. लाऊंज असतं ते सुरक्षा तपासणीच्या पलीकडे, जाणाऱ्यांच्या बाजूला. उतरलेला माणूस तिथे पोचूच शकत नाही. एकदा बाहेर पडलं की पुढच्या विमानाचं तिकीट दाखवल्याशिवाय दारावरचा जवान पुन्हा आत सोडत नाही.

दुसरं कारण पैशाचं. आपण ‘फुकट’ म्हणतो त्या प्रत्येक भेटीचे पैसे कार्डवाली कंपनी लाऊंजला मोजत असते. गर्दी वाढली, खर्च वाढला, की अटी येतात. अमेरिकेत देशांतर्गत प्रवासी उतरतो तो थेट जाणाऱ्यांच्याच दालनात. त्यामुळे शिकागोहून न्यूअर्कला उतरलेलं मराठी कुटुंब चालत लाऊंजच्या दारापर्यंत जाऊ शकतं. तरीही अमेरिकन एक्स्प्रेसने आपल्या सेंच्युरियन लाऊंजमध्ये नुसत्या उतरणाऱ्यांना २०१९ पासून प्रवेश बंद केला. म्हणजे वाट मोकळी असली तरी नियम आडवा येऊ शकतो.

अपवादही आहेत. लंडनच्या हीथ्रोवर ब्रिटिश एअरवेजने लांबून येणाऱ्या वरच्या वर्गाच्या प्रवाशांसाठी खास आगमन लाऊंज ठेवलं आहे. अंघोळ करा, न्याहारी करा आणि कामाला लागा. काही मोठ्या विमानतळांवर आगमनाच्या बाजूला पैसे भरून बसायची किंवा तासांवर खोली घेण्याची सोय असते.

तेव्हा निघण्यापूर्वीच चार गोष्टी पाहाव्यात. कार्डाच्या माहितीपत्रकावर विसंबू नये. त्या विशिष्ट लाऊंजच्या अटी वाचाव्यात. ‘फक्त निर्गमन’ असं लिहिलेलं असेल तर वाद घालून उपयोग नाही. आलेल्या विमानाचा बोर्डिंग पास टाकून देऊ नये, कारण आगमनाला प्रवेश असेल तिथे तोच पुरावा. सामान पट्ट्यावर फिरत असेल तर आधी ते ताब्यात घ्यावं. मात्र सामान घ्यायला बाहेर पडल्यावर परत आत येता येईल का, हे विचारून ठेवावं. आणि मुंबईत उतरून पुढे नागपूरचं विमान धरायचं असेल तर काळजी नको. नवा बोर्डिंग पास घेऊन, तपासणी करून आत गेलात की तुम्ही ‘जाणारे’च ठरता.

आपल्या जुन्या व्यवस्थांनी मात्र हा भेद केला नव्हता. आमच्याकडे मुसाफिराला नमाज थोडक्यात पढण्याची मुभा आहे, रमजानचा रोजा पुढे ढकलण्याची सवलत आहे. ती जातानाही असते आणि परततानाही. आपल्या गावात पाऊल पडेपर्यंत माणूस मुसाफिरच. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळचा हाजी साबू सिद्दीक मुसाफिरखाना असो, की गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला उभारलेल्या धर्मशाळा, पथारी टाकणारा निघालाय की परततोय, याने तिथे काही फरक पडत नसे. रेल्वेनेही हे जपलं आहे. तिथली विश्रांतिकक्षाची खोली प्रवास सुरू होतो त्या स्थानकावर मिळते, तशीच संपतो त्या स्थानकावरही मिळते. तिकीट हवं एवढंच. फलाटावर येणाऱ्या-जाणाऱ्यांमध्ये भिंत नसते, म्हणून हे सोपं जातं.

विमानतळावरची भिंत सुरक्षेसाठी आहे, ती पाडा असं कोणी म्हणणार नाही. पण भिंतीच्या अलीकडे, आगमनाच्या दाराबाहेर, पाठ टेकता येईल अशा खुर्च्या, स्वच्छ मोरी आणि परवडणारा चहा मिळायला काय हरकत आहे? रात्री तीन वाजता उतरणारा माणूस वर्षभर राबून घरी येत असतो. त्याला लाऊंजचा थाट नको असतो. पहिली लोकल येईपर्यंत बसायला जागा हवी असते.

ती होईल तेव्हा होवो. तोवर आपलं माणूस घ्यायला जाताना चहाचा थर्मास आणि एक शाल बरोबर असू द्यावी.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)